पेटीवर माझा नंबर

कुत्र्याला नाव आहे. पण ते माझ्या मुलीने ठेवलेलं आहे, म्हणून इथे लिहिणार नाही. राग उतरला की बघू.

जात विचाराल तर भिवंडीच्या रस्त्याची. रंग तांबडा, पुढचा डावा पाय तेवढा पांढरा आणि एक कान कायम खाली पडलेला. मुलगी बारावीला असताना क्लासवरून येताना त्याला दप्तरात घालून घेऊन आली. फक्त आजची रात्र ठेवू, म्हणाली. त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मध्यंतरी ती इंजिनियर झाली, बंगळुरूला नोकरीला गेली आणि कुत्रा माझ्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असं मी चारचौघांत म्हणते. नवरा लूमवर कामाला होता, तो मुलगी सातवीत असतानाच गेला. म्हणजे मुलगी गेल्यावर घरात बोलायला म्हणून जे कोणी उरलं होतं ते हे एक तांबडं जनावर.

मी अंजूरची. आमच्या लहानपणी जिथे भात लावायचे तिथे आता गोडाऊनं आहेत, आणि त्यातल्याच एका गोडाऊनात मी सतरा वर्षं पॅकिंगला होते. शेवटी शेवटी लाइनीवर सुपरवायझर झाले. काचेच्या बरण्यांपासून शिलाई मशीनपर्यंत काय वाटेल ते मी खोक्यात घातलंय, आणि माझ्या हातचा खोका फुटून परत आला असं फार कमी वेळा झालंय. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते या कामामुळेच झालं, म्हणून सांगते. गोडाऊनात एक रीत असते: पॅकिंग आमचं, बुकिंग हापिसाचं. गाडी ठरली का, कुठली ठरली, कुठे जाणार, हे पॅकिंगवाल्याने विचारायचं नसतं. एखादी नवीन पोरगी विचारायला गेली की आम्हीच तिला गप्प करायचो. तू तुझी चिकटपट्टी नीट मार, म्हणायचो. सतरा वर्षं मी विचारलं नाही, आणि नोकरी सुटली म्हणून सवय काही सुटत नाही.

नोकरी सुटली ती गुडघ्यामुळे. आणि त्याच पावसाळ्यात मी बाथरूममध्ये पडले. दोन तास उठता येईना. कुत्रा दारापाशी उभा राहून भुंकत होता, तो थांबलाच नाही. शेवटी खालच्या मजल्यावरची बाई शिव्या घालायला वर आली आणि तिने मला उचललं. मुलीला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. ती रडली. मग शांतपणे म्हणाली, आता तू तिथे एकटी राहायचं नाही, इकडे ये, कायमची.

मी एकच अट घातली. तो येणार असेल तर मी येते.

येईल ना, म्हणाली. विमानात कुत्री नेतात हल्ली. काय काय लागतं ते मी बघते, तू फक्त त्याला तयार कर. बुकिंगचं सगळं माझ्याकडे.

बुकिंगचं सगळं माझ्याकडे. हे वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं होतं. आपली पोरगी हापिसात जाऊन बसली, याचा एक अभिमान असतो.

चार दिवसांत तिने मोबाईलवर यादी पाठवली. रेबीजच्या इंजेक्शनचं पुस्तक. डॉक्टरचा तब्येतीचा दाखला. वजन. आणि पेटी, जिच्यात त्याला मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. तीन बाजूंनी हवा. पाण्याची वाटी बाहेरून भरता यावी अशी. गुंगीचं औषध द्यायचं नाही. निघायच्या आधी पोटभर खायला घालायचं नाही. ती यादी मी शेजारच्या पोरीकडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली.

बाजारात फायबरची पेटी मिळते. मुलगी म्हणाली, मागवते. मी नको म्हटलं. सतरा वर्षं दुसऱ्यांचा माल खोक्यात घातला, आता घरचा माल जायचाय तर तो बाजारच्या पेटीत कशाला? अंजूरला गोडाऊनांच्या मागे माल रचायची लाकडी पॅलेट ठोकणारा एक सुतार आहे, आझमगडकडचा. मी कुत्र्याला रिक्षात घालून त्याच्याकडे गेले. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग म्हणाला, "बाय, ये तो जिंदा माल है. इसका नाप मैं नहीं लेगा, तुम लो." मी शिंप्याच्या टेपने माप घेतलं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून चांगल्या कानाच्या टोकापर्यंत. तो पठ्ठ्या सगळं माप होईपर्यंत माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभा होता.

वजनासाठी त्याला भंगारवाल्याच्या काट्यावर उभा केला. भंगारवाल्याने काय भाव लावू म्हणून मस्करी केली. अठरा किलो भरलं. भंगारवाल्याची मस्करी त्याला आवडली नसावी, कारण उतरताना त्याने काट्यावरच पाय वर केला.

पेटी आली आणि खरं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी तो तिच्या चार हात लांबून गेला. मी काही घाई केली नाही. माझी एक जुनी साडी आत अंथरली, दार काढून ठेवलं आणि भाकरीचा तुकडा आत टाकला. तो मान लांब करून तुकडा काढायचा, पाय बाहेरच. मग दोन पाय आत. मग चारही. मग दार परत बसवलं, उघडं ठेवून. मग एक मिनिट बंद. मग पाच. जवळ बसून मी भाजी निवडायचे आणि त्याच्याशी बोलायचे.

गोडाऊनला गाडी लागली की मुकादम दोनच शब्द बोलतो. भर आणि उतर. माझ्या तोंडात तेच बसलेले. मी म्हणायचे, "भर," आणि तो आत जायचा. मी म्हणायचे, "उतर," आणि तो बाहेर यायचा. महिन्याभरात इतका तयार झाला की दार सताड उघडं असलं तरी "उतर" ऐकल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. एकदा त्याला आत बसवून मी खाली दूध आणायला गेले आणि तिथे बोलत उभी राहिले. तासाभराने वर आले तर हा उघड्या दारात, पुढचे पाय बरोब्बर पेटीच्या कडेवर ठेवून माझी वाट बघत बसलेला. मला इतकं भरून आलं. लेकरू शिकवलं तर ते शिकतं, पण असं शिकत नाही.

सगळे म्हणायचे, विमानाचा आवाज त्याला झेपणार नाही. मला हसू यायचं. आमच्या घराला लागून लूमचा कारखाना आहे. चोवीस तास खडखड. त्या खडखडाटात तो लहानाचा मोठा झाला. शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हाच तो बेचैन होतो, उठून दाराकडे बघत बसतो. विमान काय, त्याला विमानात झोप लागली असती.

हे सगळं मी रोज संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगायचे. तिला अकलोलीला दिलीय. गरम पाण्याच्या कुंडावर लोक येतात, तिच्या नवऱ्याची तिथे चहाची टपरी आहे, मागे घर, थोडी जागा. ती सगळं ऐकायची. आज किती वेळ बसला, विचारायची. काय खातो, किती वेळा खातो, रात्री बाहेर न्यावं लागतं का. मला वाटायचं, हिला किती माया. तिला आधी कुत्रा म्हटलं की अंगावर काटा यायचा.

दोन गोष्टी तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हव्या होत्या. एक म्हणजे डॉक्टरचा दाखला. निघायच्या आठवड्यात मी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, विमान कुठलं, नंबर काय? मी तिथूनच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, दाखल्याचं राहू दे, विमानतळावरच डॉक्टर असतो, तिथे देतात. डॉक्टर म्हणाले, असं असतं का? बरं, असेल. मीही म्हटलं, असेल. दुसरी गोष्ट तिकीट. माझं तिकीट तिने मला दाखवलं होतं, नाव, वेळ, सीट, खिडकीची. त्याचं दाखवलं नाही. आणि मी मागितलं नाही. बुकिंग हापिसाचं.

विहारातल्या बायकांनी मला निरोप दिला. साडी दिली, पांढरी. सगळ्याजणी घरी आल्या, पेटी बघून गेल्या. एकीने त्याला विचारलं, आम्हाला विसरशील का रे? भांडीकुंडी मी निम्मी वाटून टाकली. गॅसची शेगडी खालच्या बाईला दिली, शेवटच्या दिवसांपुरती तिची एक जुनी छोटी आणून ठेवली. गेलेल्या माणसाने परत येऊ नये इतका पक्का निरोप मी घेतला.

मुलगी दोन दिवस आधी आली. दारातच त्याने तिला खाली पाडलं आणि तिचं तोंड चाटून काढलं. तिने त्याला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. मी ते बघून चहा ठेवायला आत गेले. आता वाटतं, थांबून तिचा चेहरा बघायला पाहिजे होता.

रविवारी सकाळचं विमान होतं. ती म्हणाली, त्याला शनिवारीच द्यावं लागतं, विमान कंपनीचा टेम्पो येऊन घेऊन जाईल. यात मला काहीच वावगं वाटलं नाही. माल आधी, माणूस मागून. आयुष्यभर हेच बघितलंय.

शनिवारी सकाळी मी त्याला दोन घास दिले, जास्त नाही. पेटीत नवी गोणपाटाची घडी, त्यावर माझी साडी. बाहेरून बाण काढला, वरची बाजू कुठली ते कळायला. आणि कागद चिकटवला. आमच्याकडे कागद चिकटवल्याशिवाय खोका हलत नाही. पाठवणार म्हणून माझं नाव, भिवंडी. घेणार म्हणूनही माझंच नाव, बंगळुरू, आणि खाली ठळक आकड्यांत माझा मोबाईल नंबर. त्याला तिथे उतरवून मीच घेणार होते ना. मुलगी म्हणाली, कशाला एवढं, त्यांचा बारकोड असतो. मी म्हटलं, असू दे. बारकोड निघून जातो, कागदाला मी वरून टेप मारलीय.

टेम्पो आला. मी दार उघडलं, म्हटलं, "भर."

तो उठला, माझ्याकडे बघितलं, आत गेला, वळला आणि बसला. दोन माणसांनी पेटी उचलून जिन्यावरून नेली तेव्हा आतून एक आवाज आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, लई शाना कुत्रा हाय. मी म्हटलं, मी शिकवलाय.

गॅलरीत उभी राहून बघत होते. विमानतळाकडे जायचं तर अंजूरफाटा, कशेळी, मग ठाणे. टेम्पो नाक्यावर उलट्या बाजूला वळला. मी मुलीला म्हटलं, हा तिकडे कुठे चालला? ती म्हणाली, कशेळीला जाम असेल. कशेळीच्या ट्रॅफिकचं नाव घेतलं की भिवंडीत कुणीही काहीही खपवून घेतो. मीही घेतलं.

तासा-दीड तासाने माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, फोन खांद्याने कानाला धरला.

"मावशी, माल घेऊन आलोय," ड्रायव्हर म्हणाला. "कुंडापाशी उभा हाय. दिलेला नंबर लागत न्हाय, म्हणून पेटीवरचा लावला. आता कुठं वळू?"

आणि मी सांगितलं. सतरा वर्षांत गोडाऊनचा रस्ता विचारणाऱ्या अशा फोनला मी हजार वेळा उत्तर दिलं असेल. गाडीवाला गावात शिरला की हातातला कागद बघत नाही, खोका बघतो आणि त्यावरचा नंबर लावतो. तोंडाला सवय. मी म्हटलं, कुंडाच्या मागून घे, पाण्याच्या टाकीला उजवीकडे, पुढे निळ्या पत्र्याचं घर. बहिणीच्या घराचा रस्ता मला पाठ. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मी पोळी तव्यावर टाकली. ती उलटली. मग लक्षात आलं की विमानतळावर कुंड नसतं.

मुलगी दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. मी काही विचारायच्या आधीच तिचा चेहरा उतरला.

मग सगळं बाहेर आलं. ती जिथे राहते त्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. घर भाड्याने घेतानाच तिने तसं लिहून दिलंय. म्हणजे मला यादी पाठवली तेव्हा तिला माहीत होतं. पेटी करायला सांगितली तेव्हा माहीत होतं. मी रोज फोनवर सांगायचे, आज अर्धा तास बसला, आज तासभर बसला, आणि ती शाब्बास म्हणायची, तेव्हाही माहीत होतं. माझ्या बहिणीशी तिने महिन्यापूर्वीच ठरवून ठेवलं होतं. म्हणून ती विचारत होती, किती वेळा खातो, रात्री बाहेर न्यावं लागतं का. मला माया वाटली ती चौकशी होती. त्याच्यासाठी विमानात जागाच कधी घेतली नव्हती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि मी दोन महिने जेवून ढेकर देत होते.

"खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस," ती म्हणाली.

"न्हायच आली असती."

"मग मी काय करू, आई? परत पडलीस तर? तिथे कोण आहे तुला?"

"मागच्या वेळी कोण भुंकलं होतं?"

ती वाईट नाही. हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानेच जास्त लागत होतं. परक्याने फसवलं तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तिने मला फसवलं एवढंच असतं तर मी एक वेळ गिळलं असतं. तिने मला फसवायला माझेच हात वापरले. कुत्रा तिच्याने पेटीत गेला नसता. बहिणीच्या नवऱ्याच्याने तर नाहीच, त्याला कुत्र्याने चावून काढलं असतं. माझ्या शब्दावर गेला. केसाने गळा कापला, आणि केस माझ्याच डोक्याचा होता.

मी गॅस बंद केला, साडी बदलली आणि निघाले. ती मागे येत होती, उद्या सकाळचं विमान आहे म्हणत होती. मी म्हटलं, तुझं आहे, जा. एसटीने अंबाडी, तिथून रिक्षाने अकलोली. गुडघा सबंध वाट ठणकत होता.

बहिणीच्या अंगणात पेटी होती, आंब्याखाली. दार सताड उघडं. आणि तो आत. पुढचे पाय बरोब्बर कडेवर.

"आल्यापासून बाहेर येत न्हाय," बहीण म्हणाली. "भाकर ठेवली, मटणाचं हाड ठेवलं. हात लावीत न्हाय. आमच्याकडं बघत पन न्हाय. एकदा मुतायला आला, पुन्हा आत जाऊन बसला. ताई, आजारी हाय का?"

आजारी नव्हता. तो माझ्या "उतर"ची वाट बघत होता. मला बघून त्याची शेपटी पेटीच्या फळीवर आपटायला लागली, पण जागचा हलला नाही. अंगणात इतकी शांतता होती. लूम नाही, गाडी नाही, काही नाही. त्याला शुक्रवार वाटला असेल.

बहीण रडायला लागली. तुझ्या पोरीने हातापाया पडून सांगितलं, तुझ्याच भल्यासाठी केलं, म्हणाली. आजतागायत तिच्याशी माझं जेवढ्यास तेवढं आहे.

मी तिथे "उतर" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो उतरला असता, आणि मग ते त्याचं ठिकाण झालं असतं. माझ्या मोबाईलमध्ये ड्रायव्हरचा नंबर आलेला होता. मी त्याला फोन केला. तो परतीच्या भाड्याची वाट बघत अंबाडीला चहा पीत होता. माल परत न्यायचाय, म्हटलं. तो म्हणाला, मावशी, मघाशी तर उतरवला. मी म्हटलं, चुकीच्या पत्त्यावर उतरवलास.

येताना मी पुढे बसले नाही. मागे पेटीला टेकून बसले, हवेच्या भोकातून दोन बोटं आत घालून. त्याने ती चाटली नाही, नुसतं नाक टेकवून ठेवलं.

घरी पेटी वर आणली. मुलगी बॅगांवर बसून होती. मी दार उघडलं, म्हटलं, "उतर." तो बाहेर आला. जमीन हुंगली, भिंत हुंगली, रिकाम्या ओट्याखाली जाऊन आला. निघालो तिथेच पोचलोय हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो मुलीकडे गेला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याला कुठे माहीत होतं? ती त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत राहिली, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

सकाळी ती एकटी गेली. खिडकीची सीट रिकामी गेली असेल. मी जिन्यापर्यंतही गेले नाही. खालच्या बाईकडून शेगडी परत मागून आणली तेव्हा तिने काही विचारलं नाही, पण विहारात सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, विमान चुकलं.

तीन-चार महिने गेले. मुलगी रोज फोन करायची, मी जेवलीस का एवढंच विचारायचे. मग एक दिवस तिने सांगितलं, घर बदललंय. तळमजला आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, मालकाला कुत्रा चालतो. मी बघायला मागितलं. तिने मालकाचं पत्र पाठवलं. घराचे फोटो पाठवले. विमान कंपनीने कुत्र्याला जागा दिल्याचा कागद पाठवला, त्यात त्याचं वजनही होतं, अठरा किलो. सतरा वर्षांत जे मी कधी केलं नव्हतं ते केलं. शेजारच्या पोरीला बसवून त्या कंपनीला फोन लावायला लावला आणि बुकिंग खरं आहे का ते विचारलं. खरं होतं. सगळं अगदी खरं होतं.

मी पेटी पुसली. गोणपाट घातलं, साडी अंथरली. कागद तसाच होता, टेप मारलेला. त्याच्या आवडीच्या बिस्किटांचा नवीन पुडा फोडून एक आत ठेवलं. शेजारी बसले आणि म्हटलं, "भर."

तो आला. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मान लांब करून बिस्कीट तेवढं काढून घेतलं, पाय बाहेरच. पहिल्या दिवशीसारखे. मी पुन्हा म्हटलं. त्याने बिस्कीट खाल्लं, गॅलरीत गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. आजवर मी त्याला कधी मारलं नाही, तेव्हाही हात उचलावासा वाटला नाही. रागवायचा हक्क मला होताच कुठे.

मुलीला फोन केला. म्हटलं, "तो न्हाय म्हणतो."

ती म्हणाली, "आणि तू, आई? तू बघितलंस ना सगळं? तिकीट खरं आहे या वेळी."

"बघितलं. तिकीट खरं हाय," मी म्हटलं. "पण बाय, पेटीत कुणी तिकीट बघून शिरत न्हाय. शब्दावर शिरतं."